हातोड्याच्या चित्राची कड

“आता मी जे सांगणार आहे, ते या खोलीतलं कुणी खरं मानणार नाही,” विलासराव म्हणाले. “मानावं असा माझा आग्रहही नाही. नंदिनी, सांग त्यांना. शब्दाला शब्द. मध्ये कातर लावायची नाही.”

नंदिनीने हातातला कप खाली ठेवला. सासरे अशी प्रस्तावना करतात तेव्हा पुढं काय येतं, हे तिला लग्न झाल्यापासून पाठ होतं. सातपूरच्या एका कारखान्यात विलासरावांनी चौतीस वर्षं टूलरूम सांभाळली, आणि जगात जे जे अशक्य म्हणून होतं ते सगळं त्या चौतीस वर्षांत त्याच टूलरूममध्ये घडून गेलं. दोनशे टनी प्रेसखाली नारळ ठेवून त्यांनी नुसती शेंडी छाटली होती. करवंटीला ओरखडा नाही. बंद पडलेला लेथ त्यांनी नुसता तेलाचा वास घेऊन चालू केला होता. गंमत अशी की या गोष्टींतला आकडा कधी खोटा नसे. प्रेस दोनशे टनीच होती, वार मंगळवारच होता, आणि नारळ पावणेसहाशे ग्रॅमचा म्हणजे पावणेसहाशेचाच. त्यांचा मुलगा पद्माकर, म्हणजे नंदिनीचा नवरा, म्हणायचा, “बाबांची थाप म्हणजे नसलेल्या मशीनचा पार्ट. पण मापाला चोख.”

एरवी घरात हसून घ्यायला हे ठीक होतं. आज ठीक नव्हतं.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या एका फ्लेगेहाइममधली, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या घरातली, दुसऱ्या मजल्यावरची ती खोली. खाटेवर उशीला टेकून हेर ब्रेनर बसले होते. वय सत्त्याऐंशी, हात अजून पक्कडीसारखे. उजवीकडे त्यांचा मुलगा युर्गेन. त्याने कोटसुद्धा काढला नव्हता. डावीकडे पोलंडहून सकाळच्या गाडीने आलेल्या फ्राऊ झेलिन्स्का, मांडीवर पर्स घट्ट धरून. मधल्या टेबलावर आलुबुखारचा केक, आणि केकच्या शेजारी फितीने बांधलेली हिरव्या पुठ्ठ्याची मोठी फाइल. सगळ्यांचं लक्ष केकवर असल्याचं नाटक चाललं होतं, आणि सगळे बघत होते फाइलकडे.

फाइलमध्ये एक चित्र होतं. शिळाछाप, दगडावर रेखाटून मग कागदावर उतरवलेलं. शंभर वर्षांपूर्वीच्या कारखान्यातला वाफेचा हातोडा, दोन मजली घराएवढा, आणि त्याच्या पायाशी तापलेला लोखंडाचा गोळा चिमट्यात धरून उभी असलेली सात माणसं. काळ्या शाईशिवाय दुसरा रंग नाही, तरी तो गोळा लाल दिसायचा. चाळीस वर्षं हे चित्र हेर ब्रेनर यांच्या घराच्या बोळात टांगलेलं होतं, नंदिनीच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये. दोन वर्षांपूर्वी ते पडले, कंबरेचं हाड मोडलं, आणि फ्लेगेहाइमची गाडी दारात आली. जाताना त्यांनी चित्र भिंतीवरून उतरवून घेतलं, नंदिनीच्या हातात दिलं आणि म्हणाले, “ज्याचं आहे त्याला द्या.”

कुणाचं, हे ती विचारेपर्यंत गाडीचं दार लागलं होतं.

सॉफ्टवेअरमधल्या माणसाला अर्धवट वाक्य झोप लागू देत नाही. नंदिनीने वर्षभर शोध घेतला आणि शेवटी तिला पोलंडमधल्या एका गिरण्यांच्या गावातलं छोटं संग्रहालय सापडलं. कारखाने, यंत्रं, कामगार यांचीच चित्रं जमवणारं. दुसऱ्या महायुद्धात तिथून बारा चित्रांचा संच उचलून नेला गेला होता. अकरा चित्रं एकेक करून परत आली. सातवं, हातोड्याचं, राहिलं. त्या जागी त्यांनी भिंतीवर नुसता खिळा ठेवला होता.

पण नुसतं चित्र सापडून भागत नव्हतं. एका दगडावरून साठ कागद छापलेले. एक संग्रहालयाचा, बाकीचे एकोणसाठ कुणी ना कुणी दुकानातून सरळ विकत घेतलेले. संग्रहालयाचा कागद ओळखायची खूण एकच, त्याच्यावरचा शिक्का. आणि हेर ब्रेनर यांच्या चित्रावर शिक्का नव्हता.

“आजोबांनी विकत घेतलं होतं,” युर्गेन म्हणत होता. “लग्नाआधी. दुकानातून.” त्याने आपल्या मुलाला आजोबांचं नाव दिलेलं होतं. कोर्टाने त्याला वडिलांचा बेट्रॉयर, म्हणजे त्यांच्या वतीने सह्या करणारा पालक, नेमलं होतं, आणि त्याचं म्हणणं सरळ होतं: घर सोडलं त्या दिवशी वडील ठिकाणावर नव्हते, तेव्हा त्यांनी शेजारणीला दिलेली वस्तू दिलेली धरता येत नाही. आज तो फाइल घेऊन जाणार होता. फ्राऊ झेलिन्स्का यांनी एवढंच मागून घेतलं होतं, की नेण्याआधी एकदा हेर ब्रेनरना समोरासमोर विचारू द्या. चित्र कुठून आलं हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तर ते आमचं. नाही सांगितलं, तर तुमचं, आम्ही पुन्हा येणार नाही. युर्गेनने होकार दिला होता. वडील सांगणार नाहीत याची त्याला खात्री होती, आणि त्या खात्रीची त्याला थोडी भीतीही वाटत होती, असं नंदिनीला त्याच्या बोटांच्या चाळ्यावरून वाटलं.

फ्राऊ झेलिन्स्कांनी तीनदा विचारलं. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा हात हातात घेऊन, तिसऱ्यांदा त्या रिकाम्या खिळ्याचा फोटो दाखवून. तिन्ही वेळा हेर ब्रेनर खिडकीकडे बघत राहिले. मध्येच कॉफी घेऊन आलेली नर्स म्हणाली, “छान दिसतं ना बाहेरचं? केवढी दोन मीटरची खिडकी मिळालीय तुम्हाला.”

“एक मीटर ब्याऐंशी,” हेर ब्रेनर म्हणाले.

त्या दुपारी तोवर ते बोलले ते एवढंच.

साडेतीन होऊन गेले होते. चारला व्यायाम करून घेणारी बाई यायची, म्हणजे चारला भेट संपली. युर्गेन उठला, त्याने खुर्ची आत सरकवली, आणि नेमकं तेव्हा विलासरावांनी केकची बशी बाजूला ठेवून गोष्ट सुरू केली.

“परवा खंडेनवमी झाली. खंडेनवमी म्हणजे काय ते सांग त्यांना.”

“आमच्याकडे एक दिवस हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात,” नंदिनीने जर्मनमध्ये सांगितलं. “हळद, कुंकू, फुलं.”

“सुंदर,” फ्राऊ झेलिन्स्का सभ्यपणे म्हणाल्या. युर्गेन घड्याळ बघत उभाच राहिला. हेर ब्रेनर मात्र खिडकीपासून जरा वळले. ही पूजा त्यांच्या माहितीची होती. गेली तीन वर्षं विलासराव आणि त्यांची बायको यमुनाबाई उन्हाळ्यात मुलाकडे येऊन दिवाळीच्या तोंडावर परत जात, आणि पहिल्याच वर्षी यमुनाबाईंनी खाली जाऊन या जर्मन टूलमेकरच्या व्हर्नियरलाही, म्हणजे माप घ्यायच्या सरकत्या जबड्यांच्या पट्टीलाही, हळदकुंकू वाहिलं होतं. दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांच्या भाषेतले दहा शब्दही येत नव्हते. ते अंगणातल्या बाकावर बसायचे आणि मापं काढायचे. पानाची जाडी, बिस्किटाची जाडी, युर्गेनच्या जुन्या सायकलच्या घंटीचा व्यास. एक जण आकडा बोटांनी दाखवी, दुसरा मान हलवी. असे त्यांचे तासन्‌तास जात.

“तर माझी बायको,” विलासराव म्हणाले, “सकाळी हळदीची वाटी घेऊन निघाली. वॉशिंग मशीन झालं. मिक्सर झाला. पद्माकरचा लॅपटॉप झाला. तो जमिनीवर फिरणारा झाडूवाला डबा आहे ना, त्याला झेंडू वाहिला, तर तो झेंडूसकट पलंगाखाली पळाला. चार तास बाहेर आला नाही. लाजला.”

नंदिनीने भाषांतर केलं. डबा खरा होता, झेंडू खरा होता, आणि चार तासही खरेच होते. बॅटरी संपली होती.

“मग ती हॉलमध्ये आली आणि थबकली. म्हणाली, अहो, घरातलं सगळ्यात मोठं यंत्र तर हे, आणि हेच तेवढं कोरडं ठेवायचं? मी म्हटलं, ते चित्र आहे. ती म्हणाली, देव तरी कुठं चित्रातून बाहेर आलाय. उतरवलं. काच काढली. आणि हातोड्याला लावली हळद.”

नंदिनी थांबली.

काच काढली नव्हती. नंदिनी तिथंच उभी होती. सासूबाईंनी काचेवर हळदकुंकवाचं बोट टेकवलं होतं, संध्याकाळी नंदिनीने स्वतः किचनपेपरने काच पुसली होती, आणि काल फ्रेममधून काढून, हातमोजे घालून, चित्र या फाइलमध्ये ठेवलं होतं. त्याच्यावर हळदीचा कण नव्हता.

“बाबा, अहो...”

“शब्दाला शब्द म्हटलं मी.”

“माझे सासरे म्हणतात,” नंदिनीने वाक्याला टेकू लावला, “की चित्राला हळद लावली.”

फ्राऊ झेलिन्स्का यांच्या कपातली कॉफी बशीत सांडली. “चित्राला? म्हणजे कागदाला?”

“तुम्ही आमचं चित्र खराब केलंत?” युर्गेन म्हणाला. ‘आमचं’ या शब्दावर त्याचा आवाज चढला.

“थांबा, पुढं तर ऐका. हळद लावली आणि हातोडा वाजायला लागला.”

“बाबा.”

“वाजायला लागला. धाड. धाड. दुपारी दीड वाजता. आता दीड वाजता इथं काय असतं?”

नंदिनीने खालमानेने सांगितलं. दुपारची रूहेत्साइट, एक ते तीन. त्या वेळात बिल्डिंगमध्ये भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही.

“तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. म्हणाल्या, कोण ठोकतंय? मी चित्राकडे बोट दाखवलं. त्यांनी चित्राला नियम वाचून दाखवला. तरी धाड धाड चालूच. मग हाउसफरवाल्टुंगचं, म्हणजे बिल्डिंगच्या ऑफिसचं, पत्र आलं, त्याच दिवशी, इतकं झटपट पत्र जर्मनीत मला दुसरं आलेलं नाही. हातोड्याच्या नावाने.”

कुणी हसलं नाही. युर्गेनने ओठ आवळले. “हे बघा, फ्राऊ नंदिनी, मी तुमचा मान ठेवतो म्हणून उभा आहे. पण माझ्या वडिलांसमोर हा तमाशा...” बोलता बोलता त्याने फाइल आपल्याकडे ओढली आणि फितीची गाठ चाचपली.

विलासरावांनी आपला तळहात फाइलवर ठेवला. जोर करून नव्हे, नुसता ठेवला. पण चौतीस वर्षं लोखंड हाताळलेला हात होता, फाइल हलली नाही.

“गोष्टीच्या मध्ये गाठ सोडत नाहीत,” ते म्हणाले. “सांग त्यांना, आमच्यात अपशकुन असतो.”

असा काही अपशकुन नंदिनीने जन्मात ऐकला नव्हता. तिने तो जर्मनमध्ये सांगितला. सांगताना आता तिला सरळ दिसत होतं: गाठ सुटली की चित्र बाहेर येणार, त्याच्यावर हळद नसणार, आणि या खोलीत संग्रहालयाच्या बाजूने बोलणारे सगळे थापाडे ठरणार. ती, सासरे, आणि त्यांच्या भरवशावर आलेली ही बाईसुद्धा. मग हेर ब्रेनर काही बोलले काय अन् न बोलले काय.

भिंतीवरचं घड्याळ चारला अकरा कमी दाखवत होतं.

“तर मी जवळ जाऊन बघितलं,” विलासराव आता हळू बोलायला लागले. “सगळीकडे हळद पिवळी. बरोबर? खाली उजव्या कडेला मात्र लाल. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे बायकांना विचारा, कुणीही सांगेल. मी म्हटलं, इथं साबण कुठून आला? कुणीतरी कधीतरी खाराच्या पाण्याने इथलं काहीतरी पुसलेलं असणार. पुसलं, पण खार कागदात राहिला. आणि हळद बघत गेलो तर लाल रेघ गोल फिरत गेली. शिक्का.”

नंदिनीने शेवटचा शब्द उच्चारला.

फ्राऊ झेलिन्स्का तिच्याकडे वळल्या. त्यांच्या नजरेत आनंद नव्हता, राग होता. हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? युर्गेन खुर्चीत बसला. उभं राहून थकल्यासारखा बसला, आणि मग एकदम सावध झाला.

“शिक्का दिसला म्हणतात? मग उघडूच या. अगदी आत्ता उघडू.”

“उघडू की,” विलासराव म्हणाले, आणि हात काढला नाही.

नंदिनी हेर ब्रेनरकडे बघत होती. ते खिडकीकडे बघत नव्हते. ते विलासरावांच्या तोंडाकडे बघत होते, जसे बाकावर बसून मापाची वाट बघत तसे. शब्द कळत नसतानाही त्यांच्या कपाळावर आठी होती; नंदिनीचं जर्मन आलं की ती आठी खोल जायची.

हे चित्र पहिल्यांदा वर घरी आणलं, तेव्हा विलासराव त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. हातोडा, माणसं, धूर, कशालाच त्यांनी काही म्हटलं नाही. म्हणाले, “डावी कड एक्कावन्न मिलिमीटर, उजवी नऊ. असं कोण छापतं?” नंदिनीने ते युर्गेनला विचारलंही होतं. लोक फ्रेममध्ये बसवायला कागद कापतातच, तो म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं, कापतात.

आता ते नऊ मिलिमीटर तिच्या डोक्यात घुमायला लागले. उजव्या कडेला शिक्का? नऊ मिलिमीटरमध्ये शिक्का मावतो कुठं? फाइल उघडायचीही गरज नव्हती. चाळीस वर्षं ते चित्र रोज बघितलेल्या माणसाला, तेही टूलमेकरला, हे ऐकूनच कळणार होतं.

विलासरावांनी मोकळ्या हाताने खिशातून व्हर्नियर काढला. जुना, कडा गुळगुळीत झालेला, त्याच्या फटीत अजून कुंकवाचा लाल ठिपका.

“मी माप घेतलं. मापाशिवाय मी काही बोलत नाही. शिक्का कागदाच्या कडेपासून बारा मिलिमीटर आत. आणि व्यास,” त्यांनी हेर ब्रेनरकडे बघितलं, “बत्तीस.”

नंदिनीने तो आकडा जर्मनमध्ये सांगितला नाही.

फ्राऊ झेलिन्स्कांकडे संग्रहालयाच्या जुन्या नोंदवहीतलं कार्ड होतं, युद्धाच्या आधीचं. त्याची प्रत त्यांनी नंदिनीला मेल केली होती आणि बजावलं होतं, की हे ब्रेनरांपैकी कुणालाही दाखवू नका. साक्षीदाराला आधी सांगितलं तर ती साक्ष राहत नाही, धडा पाठ केल्यासारखं होतं. नंदिनीने कुणाला दाखवलं नव्हतं. फक्त काल संध्याकाळी स्वयंपाकघरात सासऱ्यांनी विचारलं म्हणून त्यांना वाचून दाखवलं होतं, मराठीत: गोल शिक्का, निळी शाई, मध्ये दातेरी चाक, जागा खाली उजव्या कडेला, व्यास अठ्ठावीस मिलिमीटर. ते ‘हं’ म्हणाले होते आणि चहा प्यायले होते.

अठ्ठावीस.

आणि बाबा आकडा विसरत नाहीत. बाबा प्रेसखाली नारळाची शेंडी छाटतात, लेथला वासाने जागं करतात, चित्रातला हातोडा वाजवतात. पण आकडा विसरत नाहीत.

कळायला तिला श्वासभर वेळ लागला. तेवढ्यात फ्राऊ झेलिन्स्का पुढं झुकल्या होत्या. मराठी त्यांना कळत नव्हती, पण विलासरावांनी हवेत बोटांनी तीन आणि दोन काढून दाखवले होते, आणि कार्ड या बाईंनी शंभरदा वाचलेलं.

“बत्तीस? पण आमच्या नोंदीत तर...”

“केक घ्या,” नंदिनी म्हणाली, आणि अख्खी बशी त्यांच्या हातात कोंबली. टेबलाखाली तिचा बूट त्यांच्या बुटावर पडला. “फ्राऊ झेलिन्स्का, आधी केक घ्या. प्लीज.”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. संग्रहालयात तीस वर्षं काढलेली बाई होती. कोणती गोष्ट हात न लावता तशीच ठेवायची असते हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी केकचा तुकडा तोंडात घातला आणि गप्प चावत बसल्या.

नंदिनी हेर ब्रेनरकडे वळली आणि अगदी स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “माझे सासरे म्हणतात, त्यांनी शिक्का मोजला. कडेपासून बारा मिलिमीटर. व्यास बत्तीस मिलिमीटर.”

पांघरुणावर हेर ब्रेनर यांचा अंगठा हलला.

“बास झालं,” युर्गेन म्हणाला. “पपा, मी हे घेऊन जातो. तू दमलायस.” त्याने गाठीत नख घातलं. फीत जुनी होती, गाठ नवी, सुटत नव्हती.

विलासरावांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी फाइलवरचा हात उचलला, चक्क उचलला, आणि दोन्ही हातांनी व्हर्नियर धरून त्याचे जबडे उघडले. बत्तीसवर आणून त्यांनी स्क्रू आवळला. मग तो पांघरुणावर ठेवला, हेर ब्रेनर यांच्या हातापाशी, आकडा त्यांच्याकडे येईल असा.

“बत्तीस,” ते मराठीतच म्हणाले. “मानायचं तर माना, ब्रेनरसाहेब. नाहीतर सोडून द्या.”

हे नंदिनीने भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

फीत ओढल्याचा आवाज येत होता. चारला चार कमी. बाहेरच्या बोळात चाकाच्या खुर्चीचा आवाज जवळ आला आणि दाराशी थांबला. कुणीतरी दारावर टकटक केली. कुणी ‘या’ म्हटलं नाही. हेर ब्रेनर यांनी व्हर्नियर उचलला होता. डोळ्यांजवळ नेला. 

गाठ सुटली. युर्गेनने पुठ्ठा उघडला, आणि चित्र पांढऱ्या उजेडात आलं: हातोडा, सात माणसं, डावीकडे रुंद कोरी पट्टी, उजवीकडे बोटाच्या पेराएवढीही नाही. हळदीचा कुठं मागमूस नव्हता. तो क्षणभर बघत राहिला, मग हसला. मनापासून सुटका झालेल्या माणसाचं हसू होतं ते. “काही नाही. शिक्का नाही, काही नाही. पपा, बघ. काही नाही इथं.”

“खोटं,” हेर ब्रेनर म्हणाले.

“हो ना,” युर्गेन म्हणाला. “ऐकलंत? पपासुद्धा म्हणतोय. सगळं खोटं.”

“खोटं बोलताय तुम्ही, हेर विलास.” म्हाताऱ्याने मुलाकडे बघितलं नाही. त्याने अंगठ्याने स्क्रू सैल केला, जबडे मिटवत आणले, थांबला, पुन्हा केसभर मिटवले, आणि स्क्रू आवळून व्हर्नियर विलासरावांच्या पुढ्यात धरला. “अठ्ठावीस होता तो. निळा. आणि हळद लावायला त्या जागी कागदच नाही. माझ्या वडिलांनी पोलंडहून आणलं त्याच आठवड्यात ती कड आईच्या शिवणाच्या कात्रीने कापली आणि चुलीत घातली. पट्टी मी धरली होती.”